रामकुंडावर गुरुजींच्या चोपडीत एका भावाचं नाव जास्तीचं निघालं, आता काय करू?

गोदाकाठची_लेक:

नमस्कार. नावं कुणाचीच देत नाही कारण नाशकात दोन वाक्यं बोललं की ओळख निघते. आम्ही मूळचे येवला तालुक्यातले, दुष्काळी पट्टा, आता मी इंदिरानगरला, दादा उपनगरला आणि धाकटा पुण्यात. अप्पा गेल्या महिन्यात गेले, ब्याऐंशी वर्षांचे होते, शेवटी फार हाल नाही झाले.

दशक्रिया रामकुंडावर केली. सगळं नीट पार पडलं, कावळाही लगेच शिवला त्यामुळे नेहमीचं नाटक झालं नाही. पुरुष मंडळींनी केस दिले, दादा, धाकटा, चुलत्यांची मुलं, आमचा आतेभाऊ अण्णा, सगळे. मग दादा म्हणाला गुरुजींकडे नोंद करून येऊ, म्हणून मी, दादा आणि दादाचा मुलगा गेलो. बाकीचे घाटावरच चहा घेत होते.

गुरुजींनी आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, आणि घराण्याच्या पिढ्यांची नावं लिहितात ती लांबलचक चोपडी काढली. त्यात अप्पांच्या हातची नोंद होती, 1983 ची, आजोबांच्या अस्थी घेऊन आले होते तेव्हाची. अप्पांचं अक्षर मी झोपेतही ओळखीन, र ला शेपूट काढायचे. गुरुजी आपले मोठ्याने वाचायला लागले, पणजोबा, आजोबा, चुलते, आणि मग अप्पांचे मुलगे तीन. थोरल्याचं नाव, मग अण्णाचं नाव आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात "मु. सिन्नर, बहिणीकडे", मग धाकट्याचं. मी म्हटलं गुरुजी काहीतरी चुकतंय, हा आमच्या आत्याचा मुलगा. तर दादा एकदम म्हणाला, असू द्या गुरुजी, तुम्ही पुढचं लिहा. गुरुजींनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गपचूप पुढचं लिहायला घेतलं. (माझं नाव त्या चोपडीत नाहीच आहे. तो वेगळा राग.)

घरी आल्यावर दादाला धरलंच. आधी म्हणाला अप्पांनी चुकून लिहिलं असेल. कुणी स्वतःची पोरं चुकून लिहितं का? मग रात्री गच्चीवर बोलला. 72 चा दुष्काळ, अप्पा आणि आई दोघं खडी फोडायला जायचे, अण्णा वर्षभराचा, झाडाला झोळी बांधून ठेवायचे, दूध आटलेलं. आत्याला मूलबाळ नव्हतं, ती सिन्नरला विड्या वळायची, रोजचे चार पैसे होते. तिला देऊन टाकला. दादा तेव्हा सहा वर्षांचा होता. म्हणाला मला त्याला कडेवर घेऊन एस्टी स्टँडपर्यंत न्यायला लावलं कारण आईला उठवत नव्हतं. आणि नंतर आईने देवापुढे शपथ घातली की कधी बोलायचं नाही.

म्हणजे बघा ना, त्रेपन्न वर्षं हा माणूस गप्प आहे. आणि ह्याच दादाने अण्णाशी कधी धड दोन शब्द बोललेले मी बघितले नाहीत. अप्पांनी अण्णाला पिठाच्या गिरणीसाठी पैसे दिले तेव्हा घरात केवढा तमाशा केला होता, भाच्याला देता आणि मला नाही म्हणून. माहिती असून!

आता सगळं उलगडायला लागलंय आणि झोप उडालीये. लहानपणी आई मला अण्णाला राखी बांधायला लावायची, भाऊबीजेलाही ओवाळायला लावायची, मैत्रिणी हसायच्या की आतेभावाला कुठे राखी बांधतात का, त्याच्याशी तर लग्न होतं. आणि तसंच झालं, 96-97 साली आत्याच्या सासरच्यांनी खरंच विषय काढला की मामाची मुलगी आहे, घरच्या घरात होऊन जाऊ दे. अप्पा ताटावरून उठले. एवढे ओरडले की वाड्यातले लोक जमा झाले. सगळे म्हणाले हा माणूस बहिणीच्या गरिबीला नावं ठेवतोय, दोन वर्षं येणंजाणं बंद होतं. आत्या बिचारी एक शब्द बोलली नाही तेव्हा. मीही मनात अप्पांनाच दोष दिला होता, म्हणजे मला लग्न करायचं होतं अशातला भाग नाही, पण अण्णाचा अपमान झाला असं वाटलं होतं.

आत्या आणि तिचे मिस्टर दोघंही आता नाहीत. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बीपी, शुगर सगळं आहे. दादा म्हणतो आता हा विषय कायमचा बंद, तालुक्याला वारस नोंद करायची आहे, आईचं आणि आम्हा तिघांचं नाव द्यायचं आणि मोकळं व्हायचं. धाकट्याला काहीच माहिती नाही.

अण्णाला सांगायचं का? आधी आईशी बोलू का? आणि खरं सांगू का, मला राग अप्पांचा किंवा आईचा येतच नाहीये, त्यांची परिस्थिती कळते. राग दादाचा येतोय. हे बरोबर आहे का मला कळत नाही.

घाटावरचा:

ताई, आमच्या घरी पिढीजात हेच काम आहे म्हणून लिहितो. चोपडीतली नोंद यजमान स्वतः लिहितो किंवा सांगून लिहून घेतो आणि खाली सही करतो. त्यामुळे "चुकून" वगैरे नसतं. 83 साली तुमच्या वडिलांना कुणी विचारायला आलं नव्हतं, लिहिलं नसतं तरी चाललं असतं. बाप मेल्यावर माणूस घाटावर खोटं लिहीत नाही, हा आमचा अनुभव. दत्तक गेलेल्याचं नाव दोन्ही घराण्यांच्या पानावर सापडतं कधीकधी, त्यात नवल नाही.

मुलींचं म्हणाल तर जुन्या नोंदींत मुली क्वचितच, त्या सासरच्या पानावर सून म्हणून येतात. हल्ली लोक सांगून लिहून घेतात, कुणी अडवत नाही. पुढच्या वेळी गेलात की तुमचंही लिहायला सांगा. 2027 चा सिंहस्थ सुरू झाला की मात्र घाटावर उभं राहायला जागा नसेल, त्याआधी जा.

निफाडची_थंडी:

ताई तुमचं सगळं दोनदा वाचलं. एक गोष्ट विचारते, रागावू नका. तुम्ही लिहिलंय की अण्णाने पण केस दिले. तुमच्याकडे भाचा केस देतो का? कारण आमच्याकडे मुलं, भाऊ, पुतणे देतात. भाच्याला दहा दिवसांचं सुतक पण नसतं. उलट भाच्याचा मान असतो, त्याला पोशाख करतात, त्याच्या पाया पडतात. मामासाठी डोकं काढलेला भाचा मी तरी बघितला नाही.

त्याला कुणी सांगितलं होतं का बसायला?

गोदाकाठची_लेक:

अगं बाई.

थांबा, मला आठवू दे. नाही, कुणी नाही सांगितलं. दादा उठला, धाकटा बसला, आणि धाकट्याचं झाल्यावर अण्णा शर्ट काढून आपला तो नाभिकासमोर जाऊन बसला. चुलत्यांची मुलं नंतर बसली. मला वाटलं मामावर जीव होता, गिरणीला मदत केली होती म्हणून असेल. नाभिकाने विचारलं पण की मिशी ठेवायची का, तर म्हणाला काढा. अण्णाची मिशी मी जन्मात कधी काढलेली बघितली नव्हती, केवढी जपायचा ती.

आणि दादा पाठ करून नदीकडे बघत उभा राहिला. मला वाटलं रडतोय.

पोशाखाचं म्हणाल तर तेराव्याला आम्ही शर्टपीस पँटपीस टोपी आणली होती त्याच्यासाठी, भाच्याचा मान म्हणून. त्याने घेतलं नाही. म्हणाला दुसऱ्या भाच्याला द्या. चुलत आत्याच्या मुलाला दिलं मग. दादाच्या बायकोला राग आला, म्हणाली बघा किती मिजास.

म्हणजे त्याला माहितीये??

निफाडची_थंडी:

माहितीये ताई. तुम्हीच विचार करा, कधीपासून माहिती असेल ते. लग्नाचा विषय निघाला तेव्हा तरी नक्कीच आत्याने सांगितलं असणार, नाहीतर त्यांच्याकडून तो विषय तसा मिटला नसता. दोन वर्षांनी येणंजाणं परत सुरू कुणी केलं?

गोदाकाठची_लेक:

अण्णानेच. माझ्या लग्नाला आला, आठ दिवस आधी येऊन राहिला, मांडवाचं सगळं त्यानेच बघितलं.

सातबारा_उतारा:

भावनिक बाजू इतरांनी लिहिली आहे, मी कागदाचं लिहितो, कारण दादा घाईत आहे असं दिसतंय आणि घाईत सह्या होतात.

आधी हे ठरवा की अण्णा कायद्याने दत्तक गेला होता का नुसता सांभाळायला दिला होता. हिंदू दत्तक कायदा 1956 चा आहे, त्यात लेखी करार किंवा होमहवन सक्तीचं नाही, पण मूल प्रत्यक्ष देणं आणि घेणं व्हावं लागतं. रजिस्टर कागद असेल तर कोर्ट दत्तक झालंच असं धरून चालतं, नसेल तर पुराव्याने सिद्ध करावं लागतं, लोकांमध्ये कसा वावरला, शाळेत बापाचं नाव कुणाचं, वगैरे. सिन्नरच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढता येतो, तो त्याचा त्यालाच मिळेल म्हणा.

दत्तक वैध असेल तर तो त्या घरचा झाला आणि तुमच्या वडिलांचा वारस राहत नाही. मग वारस चार, आई आणि तुम्ही तिघं. दत्तक सिद्ध होत नसेल तर तो जन्माने मुलगाच आहे आणि वारस पाच. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि जमीन त्यांची स्वतःची असेल तर पाचांना सारखे वाटे. वडिलोपार्जित असेल तर गणित वेगळं आणि थोडं वादाचं, त्यासाठी सगळे कागद घेऊन दिवाणी वकिलाकडे बसा. जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाच्या नावावर गेली त्या नोंदी, "आपले अभिलेख" या सरकारी साइटवर स्कॅन करून टाकलेत, नाशिक जिल्ह्याचे मिळतात. आजोबा गेल्यावरचा फेरफार काढा म्हणजे जमीन कुणाकडून कशी आली ते कळेल.

वारस नोंदीला शपथेवर लिहून द्यावं लागतं की एवढेच वारस, अजून कुणी नाही. गच्चीवर जे ऐकलंत ते ऐकल्यानंतर त्या कागदावर डोळे मिटून सही करू नका. फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही, ती महसूल दप्तरातली नोंद आहे, आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. पण शपथपत्र ते शपथपत्र.

चोपडीबद्दल. मेलेल्या माणसाने वाद सुरू व्हायच्या आधी नात्याबद्दल लिहून ठेवलेलं असेल तर कोर्टात ते पुरावा म्हणून मांडता येतं. जुन्या पुरावा कायद्यात कलम 32(5) होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम 26 मध्ये आहे. नुसत्या त्याच्यावर केस जिंकत नाहीत, पण कागद फालतू नाही.

कडक_मिसळ:

सगळं ठीक आहे पण ताईंनी एक गोष्ट लिहिली नाहीये असं माझा वास सांगतोय. दादा फक्त वारस नोंद म्हणतोय का हक्कसोड, म्हणजे तुमचा वाटा सोडल्याचा कागद पण? येवल्याच्या जमिनीत एवढी घाई कशाला हो? भावाला बाहेर ठेवणारा माणूस बहिणीला आत ठेवेल असं वाटत नाही.

गोदाकाठची_लेक:

हो. नोंद झाली की लगेच हक्कसोडपत्र करायचं म्हणतोय, माझं. म्हणतो तुला काय कमी आहे, आणि वहिनी म्हणाल्या माहेर तुटू देऊ नका. मी मुद्दाम लिहिलं नव्हतं कारण मग सगळे म्हणतात जमिनीसाठी भांडतेय. मला जमीन नकोच आहे.

कडक_मिसळ:

नको असेल तर तुमच्या मर्जीने द्या, नंतर, सावकाश, आणि कुणाला द्यायची ते तुम्ही ठरवा. हक्कसोड एका भावाच्याच नावे करावं असा कुठे नियम आहे का. वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीतही मुलीला मुलाएवढाच हक्क आहे आणि 2020 साली सुप्रीम कोर्टाने तेही स्पष्ट केलं की दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात असोत नसोत. दादाला बरोबर माहितीये, म्हणून तर सही मागतोय.

माहेर तुटेल म्हणे. त्रेपन्न वर्षांपूर्वी एस्टी स्टँडवर तुटलंय ते.

सातबारा_उतारा:

मिसळसाहेब, शेवटचं वाक्य जरा जास्त झालं. सहा वर्षांचं पोर होतं ते.

मामाच्या_घरचा:

मी सहसा फक्त वाचतो, पण इथे लिहितो, कारण मी तुमच्या अण्णाच्या जागी आहे. मला मामाकडे दिलं होतं. सातवीत असताना स्कॉलरशिपच्या फॉर्मला जन्मदाखला लागला तेव्हा कळलं. मी कुणालाच काही बोललो नाही. बोललो असतो तर सांभाळणाऱ्या आईला वाटलं असतं मी आता जाणार. ती असेपर्यंत गप्प राहायचं असं मी स्वतःच ठरवून टाकलं, मला कुणी शपथ घातली नव्हती.

तुम्ही त्याला "सांगायला" जाऊ नका. त्याला माहिती आहे आणि त्याने त्याच्या पद्धतीने घाटावर सगळ्यांसमोर सांगितलं पण आहे, तुम्हाला समजलं नाही एवढंच. तुम्ही जाऊन "अण्णा, तुला एक सांगायचंय" केलंत तर त्याला परत अजाण असल्याचं नाटक करावं लागेल, ते फार कंटाळवाणं असतं हो. जा, जेवा त्याच्याकडे, आणि चोपडीचा विषय काढा. अप्पांनी तुझं नाव लिहिलं होतं, 83 सालीच, स्वतःच्या हाताने. हे मात्र त्याला माहिती नसणार. मला माझ्या वडिलांनी असं कुठे लिहिलेलं सापडलं असतं तर मी काय दिलं असतं सांगता येत नाही.

आणि तुमच्या दादाबद्दल. मला जेव्हा मामाकडे दिलं तेव्हा माझी मोठी बहीण घरी राहिली. ती माझ्याशी आयुष्यभर तुसडी वागली. मला वाटायचं तिला मी आवडत नाही. आता साठीत आल्यावर एकदा म्हणाली, तुला बघितलं की मला पोटात कसंतरी व्हायचं म्हणून मी बघायचेच नाही. मी तिला माफ वगैरे केलं नाही, तसा विषयच नव्हता, पण निदान कळलं. गिरणीच्या पैशाचा तमाशा मला समजतो असं नाही, समर्थन पण नाही करत. पण कडेवर घेऊन जाणारा आणि पैशासाठी भांडणारा एकच माणूस असू शकतो. हक्कसोडीचं मात्र सही करू नका, ते वेगळं.

निफाडची_थंडी:

वर लिहिलंय ते वाचून डोळ्यांत पाणी आलं. ताई, आईशी बोला पण. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला धक्का बसेल असं आपण म्हणतो, तिने तो धक्का 72 सालीच खाल्लाय. मुलगा समोर डोकं काढून बसलेला तिने बघितला नाही का त्या दिवशी?

गोदाकाठची_लेक:

सगळ्यांचे आभार, प्रत्येकाला वेगळं लिहीत नाही.

आई त्या दिवशी घाटावर नव्हती, तिला घरीच ठेवलं होतं. पण दुपारी सगळे घरी आले तेव्हा तिने अण्णाचं डोकं बघितलं. मला आता आठवतंय की तिने त्याला जवळ बोलावून टोपी घाल बाबा, थंडी आहे म्हटलं आणि आपली शाल दिली. दादाला आणि धाकट्याला नाही म्हटलं काही. मला वाटलं पाहुणा म्हणून.

काल तिच्याशी बोलले. फार नाही बोलता आलं. मी म्हटलं आई, गुरुजींच्या चोपडीत अप्पांनी तीन मुलं लिहिलीत. ती भाजी निवडत होती, मेथी. म्हणाली, "तीनच होते ना." आणि थोड्या वेळाने म्हणाली की तुझ्या आत्याला मी वचन दिलं होतं, ती जिवंत असेपर्यंत तिचा मुलगा. मग मी म्हटलं आत्या जाऊन पण सहा वर्षं झाली की. तर म्हणाली, तोवर अप्पांना सवय झाली होती. आणि विचारलं की अण्णाने टोपी घेतली का नवीन.

दादाला सांगितलंय की वारस नोंदीचा कागद आधी वकिलाला दाखवणार. चिडला, फोन ठेवला. त्याच्यावरचा राग अजून आहे, गेला नाहीये, मामाच्या घरचे म्हणतात ते समजतंय पण राग आहे. धाकट्याला रविवारी बोलावलंय. आणि शनिवारी मी सिन्नरला जातेय. आई म्हणाली मीपण येते, गाडी सावकाश, घोटीमार्गे नको.

सातबारा_उतारा:

इंदिरानगरहून सिन्नर सरळ पुणे रोडने पाऊण-एक तास, घोटीला जायचं कारणच नाही 🙂 आईंना सांगा निर्धास्त या. आणि त्या चोपडीच्या पानाचा फोटो काढून ठेवा, गुरुजींना विचारून, तारीख दिसेल असा.

कडक_मिसळ:

सोमवारी इथे येऊन लिहा काय झालं ते. आणि हक्कसोडचं तिसऱ्यांदा सांगतोय.